आबांनी ओढलेली गाठ

आबा गेल्याचा फोन त्यांच्या बायकोने, काकींनीच केला. मी तेव्हा घोटावड्याच्या कारखान्यात, बंद पडलेल्या प्रेसखाली निम्मा आत शिरलो होतो. "तुमचं आबा गेलं सकाळी. झोपेतच. जमलं तर या," एवढंच त्या बोलल्या. तुमचं आबा... फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ मशीनखालून बाहेर आलो नाही. त्या माणसाला माझा म्हणायचा हक्क मी तीन वर्षांपूर्वीच घालवला होता आणि काकींना ते ठाऊक नव्हतं. आज दीड महिन्याने ते लिहितो आहे.

मी राहायचो बावधनला. सुट्टीच्या दिवशी मुळशी धरणाच्या काठी मासे धरायला जायचो, तिथेच आबांची ओळख झाली. त्यांची शेती होती, दावणीला बैलजोडी होती, पण जीव सगळा पाण्यात. काठावर उभं राहून वारा कुठून येतोय ते बघायचे आणि आज काय लागेल ते सांगायचे. बहुधा तेच लागायचं. बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून मी जुनी कयाक आणली, म्हणजे एका माणसाची अरुंद, लांबट होडी. मधल्या भोकात पाय आत सोडून बसायचं. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "इंजनेर, ही होडी हाय का शेवग्याची शेंग?" म्हणाले. पण महिन्याभरात ती माझ्यापेक्षा तेच जास्त चालवू लागले.

२००७ साली एका सहकाऱ्याने परदेशातून मासे शोधायचं यंत्र आणून दिलं. पाण्याची खोली आणि खालून जाणारे मासे छोट्या पडद्यावर दिसत. "मासं दिसत्यात व्हय? मग त्येबी आपल्याला बघत असतील," आबा म्हणाले. होडी काठावरच्या करवंदीत पडून असायची, त्यामुळे यंत्र, बॅटरी, बटणं हे सगळं रोज काढून घरी नेता येईल असं एका फळीवर बसवायचं ठरलं. बसणाऱ्याच्या गुडघ्यांवरून ती फळी आडवी यायची. मी पिशवीतून बोल्ट काढले तसा आबांनी माझा हात धरला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी फळी दोन्हीकडून बांधली आणि बैलाच्या दाव्याला मारतात तशी सरगाठ मारली. "गोठ्यात बैल पडला, अडकला, तर येका हिसक्यात दावं सुटाया पायजे. मानसाचं तेच. ह्ये एका हातानं निघालं न्हाई तर मी बसनार न्हाई हिच्यात."

गाठ पक्की होती, पण लाटेवर फळी डुगडुगायची. ती मला बघवेना. दिवसभर कारखान्यात सैल झालेलं आवळत फिरणारा मी माणूस. एका रविवारी आबा भात लावणीला गेलेले असताना मी होडीच्या कडेतून, फळीखालून चार बोल्ट घातले आणि वर पान्याशिवाय न फिरणारे नट आवळले. मग ते दिसू नयेत, बोलणी बसू नयेत म्हणून आबांच्या पट्ट्या त्यांच्यावरून पुन्हा बांधल्या. तशीच गाठ. हुबेहूब. फळी तिथेच ठेवून यंत्र आणि बॅटरी तेवढी काढून नेली. सांगू पुढच्या वेळी, असं ठरवलं... आणि सांगितलं नाही.

लावणी आटोपून पुढच्याच रविवारी आबा पहिल्यांदा होडीत बसले आणि दुपारी काठापासून चाळीसेक फुटांवर होते. घाटाकडून वाऱ्याचा झोत आला, होडी आडवी झाली आणि उलटली. मी काठावर गळ आवरत होतो. हसलोसुद्धा, कारण आबा मासळीसारखे पोहायचे. मी त्यांच्या डोक्याची वाट बघत राहिलो. डोकं वर आलं नाही. होडीचं पालथं पोट तेवढं हलत होतं, आतून कुणी धडका देत असल्यासारखं. तेव्हा मला नट आठवले.

मी उडी मारली. पाण्याखाली चाचपडत फळीपर्यंत पोचलो. एक पट्टी सुटून लोंबत होती. त्यांनी गाठ ओढली होती, ती सुटलीही होती, फळी मात्र जागची हलली नव्हती. बोटांनी नट फिरवू पाहिला, नखं निघाली. पाना काठावरच्या पिशवीत होता. शेवटी होडीखाली खांदा घालून जीव खाऊन रेटलं. तिसऱ्या झटक्याला ती सरळ झाली आणि आबांच्या तोंडून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो.

काठावर आणलं तेव्हा त्यांचा गुडघा सुजून फुगला होता. माणसं जमली. काकी शेतातून चिखलाच्या पायांनी पळत आल्या. कुणीतरी म्हणालं, "आबा, गाठ चुकली जनू?" आबांच्या मुठीत रबराची पट्टी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नटांना त्यांचा हात लागला होता, यात मला शंका नाही.

"व्हय," ते म्हणाले, "चुकली."

मी होडी ओढत करवंदीत नेली.

काकींनी तिथेच त्यांना गळ्याची शपथ घातली. "साधी गाठ मारता येईना तुमाला आता. परत पान्यात पाय घातला तर माझं मेलेलं तोंड बघाल." आबांनी ती पाळली. मी होडी बावधनला नेऊन नट काढून टाकले. मग महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन चहा पीत राहिलो. एकदा बोलायला सुरुवात केली होती. "इंजनेर, चा गार व्हतोय," म्हणून त्यांनी मला थांबवलं, आणि मी, खरं सांगतो, सुटल्यासारखा थांबलो.

तेराव्यानंतर जाऊन मी काकींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "तीन वर्सं मी त्यांला येडं म्हनले. लोकांदेखत म्हनले. आनि तुमी हितं बसून चा पेत व्हता."

त्यांनी तांदूळ बाजूला सारले.

"उटा. या हिकडं."

त्या मला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. तिथून खाली सगळं धरण दिसतं. आबांची खाट भिंतीकडे तोंड करून लावलेली होती, पाण्याकडे पाठ. "रोज सांजपातूर हितंच बसायचे. म्या इचारलं तर म्हनायचे, तिकडून ऊन लागतंय." काकींनी खाटेकडे बोट केलं. "बसा. तसंच बसा. मी हाक मारीस्तवर उटू नका."

त्या आत गेल्या. मी बसलो. समोर हातभर अंतरावर भिंत. खाली, पाय टेकतात तिथे, चुना दोन जागी घासून आतली माती दिसत होती. माझे अंगठे नेमके तिथेच टेकले. मागे पाणी काठावर आपटत होतं...

हाक बराच वेळ आली नाही.