कार्डावरचं वेड

न्यूमोनियाने खाटेवर पाडलं त्याचं मला काही वाटलं नाही. म्हातारपणी छाती भरते, मोकळी होते. पण हॉस्पिटलातून घरी आलो, सुनेने डिस्चार्ज कार्ड हातात घेतलं आणि वाचता वाचता माझ्याकडे बघायला लागली. मी चौथीपर्यंत शिकलेला, इंग्रजी मला कुठलं येणार? विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाबा, गोळ्या लिहिल्यात."

दुसऱ्या दिवसापासून नात दुपारची शेजारणीकडे जायला लागली. मुलगा-सून दोघं कामावर. नातीला बालवाडीतून आणायचं, भात भरवायचा, सांभाळायचं हे माझं काम. सून म्हणाली, "तुम्ही आराम करा." केला आराम. भिंतीपलीकडून पोरीचं हसणं यायचं आणि मी पंख्याकडे बघत पडायचो.

शेवटी मुलाला धरलं. तो खाली बघत म्हणाला, "त्यात लिहिलंय की तुम्ही वॉर्डात एकटेच ओठ हलवायचात, हातवारे करायचात. भास होत असावेत, मानसिक आजाराची शंका आहे."

आधी मला हसूच आलं. मग नात शेजारणीकडे का जाते ते कळलं.

वॉर्डाच्या पार त्या टोकाला एक म्हातारा होता. दुसऱ्या मिलचा, पण माझ्यासारखाच साचेवाला, माग चालवणारा. साचेखात्यात मागांचा असा गोंगाट की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आम्ही नुसत्या ओठांनी आणि हातांनी बोलायचो. मिशीवरून बोट फिरवलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला. पडल्या पडल्या आम्ही तशाच गप्पा मारल्या, आंब्याच्या, गावच्या पायवाटेच्या. बघणाऱ्या डॉक्टरला माझे हात दिसले, तो म्हातारा दिसला नसणार. तो तर आता कोकणात गेला. पत्ता मी विचारला नव्हता.

हे सगळं सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "हो बाबा." त्या 'हो'ने जीव जळला. वेड्याला म्हणतात तसं होतं ते. आणि मग माझ्याच मनात यायला लागलं, खरंच तर नसेल? वेड्याला स्वतःचं वेड कुठे कळतं?

मी ठरवलं, कार्ड बदलून आणायचं. करी रोडला माझा एक जुना सोबती राहतो, एकाच खात्यात राबलो आम्ही. त्याला घेऊन हॉस्पिटलात गेलो. तिथे आम्हाला मानसिक आजारांच्या विभागात पाठवलं. बाकावर बसलो तो रुमाल तोंडाला लावूनच. आमच्या लालबागचं कोणी भेटलं असतं तर?

"मेल्या, वेडा तू, नि मला कशाला बसवलंस हयसर?" सोबती म्हणाला.

"गप बस. तू साक्षीदार आहेस."

तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्या सुनेएवढ्या. झोप, भूक, आजचा वार, सगळं विचारून घेतलं, साचेखात्यातल्या बोलण्याचंही ऐकून घेतलं. मग सोबत्याच्या कानात काहीतरी सांगून त्याला कॉरिडॉरच्या टोकाला उभं केलं आणि मला म्हणाल्या, "काका, ते काय म्हणतात सांगा."

त्याने तोंड हलवलं. मला काहीच कळेना. ओठ आत गेलेले, नुसते गाल हलताना दिसत होते. पुन्हा हलवलं. तरी नाही. मॅडम वाट बघतायत, बाकावरचे लोक बघतायत, आणि मला दिसत होतं ते कार्ड.

"अरे, कवळी कुठाय तुझी?" मी ओरडलो.

"खिशात! नवी आहे, टोचते!"

बाकावरची माणसं हसली. मला हसू येईना. त्याने पाठ फिरवून कवळी बसवली, पुन्हा बोलला. "चहात साखर कमी आहे," मी म्हणालो. मॅडमनी मान डोलवली. अजून दोन वाक्यं झाली, तीही सांगितली.

मॅडम लिहायला लागल्या. मी म्हटलं, "आधीचं खोडा."

"खोडता येत नाही काका. खाली दुरुस्ती लिहायची असते. सही करून देते, कॉम्प्युटरवरही चढवते."

"म्हणजे खोटं पण राहणार नि खरं पण?"

"हो. पण पुढचा डॉक्टर दोन्ही वाचेल."

वाचेल की नाही कोण जाणे. मी हुज्जत घातली, आवाज चढवला, मग एकदम भ्यालो. इथे आवाज चढवून चालतं का? खाली मान घालून कागद घेतला.

सुनेने तो दोनदा वाचला, घडी केली, कपाटात ठेवला. नात शेजारणीकडेच.

मग एक दिवस सकाळी मी गॅलरीत उभा होतो. खाली रस्त्यावर सोबती. त्याने वर बघून ओठ हलवले, हात केला. माझा हात उठला आणि अर्ध्यातच थांबला. मागे वळून बघितलं. दारात सून, खांद्याला पर्स.

"काय म्हणतायत ते?" तिने विचारलं.

"म्हणतो, कवळी घातलीय."

ती कठड्यापाशी आली. वाकून बराच वेळ खाली बघत राहिली. सोबत्याने तिला दात दाखवले, नवे, पांढरे. ती हसली नाही, पण चप्पल घालता घालता म्हणाली, "आज पोरीला तुम्ही आणाल?"

साडेबाराला सुटते ती. बालवाडी गल्लीच्या तोंडाशीच आहे. मी अकरापासून चपला घालून बसलो होतो.