झुलाल लाइनमन आणि आखाजीचा झोका

झुलाल लाइनमन चार गावांचे फोन सांभाळायचा, आणि त्याच्या स्वतःच्या घरी फोन नव्हता. सायकलीला बांबूची शिडी बांधलेली, कमरेला पक्कड, आणि गळ्यात दोन चिमट्यांचा एक काळा फोन. तो फोन तारेला चिमटवायचा, कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा, वैद्य नाडी बघतो तसा. तारेवरचं रबर मात्र दातांनी सोलायचा. पुढचा एक दात त्यातच गेला. आधी तो खांबांचे खड्डे खणायला मजूर होता. पंधरा वर्षांनी साहेबांनी त्याला खांबावर चढवलं. "मी आधी खाले गवू, मंग वर चढनू," असं सांगून स्वतःच हसायचा.

ब्याण्णव साली शिरपूरकडच्या आमच्या खेड्यात बारा-तेरा फोन होते, त्यातला एक आमचा. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माझी लेक बेबा माहेरी आली नाही. पहिलटकरीण, बाळंतपण माझ्याकडेच व्हायचं. पण आठव्या महिन्यात तिच्या पायांना सूज आली, रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी एसटीत बसायचंच नाही म्हणून सांगितलं. सासर वरणगावला. जावई रतिलाल तिथल्या कारखान्यात. त्यांनी तिला जळगावला दवाखान्यात ठेवलं आणि मला फोन केला, "आई, ऑपरेशन करावं लागलं तर रक्त लागेल. तिचा आणि पुनाभाऊंचा गट एकच आहे. मी फोन केला की त्यांना लगेच पाठवा."

पुना माझा मुलगा. त्याची पिशवी भरून मी दाराशी ठेवली. मला जाता येईना, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मग मी आणि तो फोन. पोळी उलटली की फोन उचलून बघायचा, भाजी चिरली की उचलून बघायचा. आत टूं वाजलं की ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी उचलला तर टूं नाही. नुसती खरखर, मग काहीच नाही.

पुनाला सायकलवर धाडून झुलालला बोलावलं. तो आला, रिसीव्हर उचलला आणि म्हणाला, "आक्का, फोन ते चालू शे."

मी ऐकलं. टूं वाजत होतं.

तरी त्यानं भिंतीवरची गोल डबी उघडली. आखाजीसाठी मी घर सारवलं होतं, चुना मारला होता, त्या भरात डबीलाही मारला होता. आत चुन्याचे खडे. त्यानं फुंकर मारली, खरवडलं, माझ्याकडे पाहिलं. "फोनले बी आखाजीना नवा कपडा का?" म्हणाला. पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि गेला.

तो कोपऱ्यावर वळला नसेल, तोच फोन मेला.

दुसऱ्या दिवशी झुलाल पुन्हा आला. पुन्हा टूं! त्याची एक रीत होती. सबंध तार शोधत बसायचं नाही, तिचे दोन भाग करून मधे ऐकायचं. खांबावर चढून ऐकलं, तिथे बरोबर. डबीशी ऐकलं, बरोबर. फोनची वळवळती दोरी बदलली. ऑफिसला फोन लावून एकदम पुस्तकातल्या मराठीत बोलला, "झुलाल बोलतोय साहेब. लाइन तपासली आहे. दोष आढळत नाही."

"दोष मन्हामा शे मंग," मी म्हणाले. "तू उना का हाऊ चालू, तू गया का बंद. त्याले तुन्हा लळा लागना का काय?"

तो हसला नाही. बेबाचं त्याला ठाऊक होतं. जाताना म्हणाला, "सकायले परत येस."

त्या रात्री मला झोप कसली. पुना म्हणे, मी जळगावलाच निघतो. मी म्हटलं, नीघ बाबा. तो सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाला. पण तिकडे पोचायला दुपार, आणि पोचला की नाही, बेबा कशी आहे, हे मला कळणार त्याच तारेनं.

तिसऱ्या दिवशी झुलाल आला, फोन चालू होता. आता मला त्याचा रागच आला. तो मात्र ओसरीवर मांडी घालून बसला. म्हणाला, "आक्का, मी गया का घरमा काय व्हस? बठ्ठं सांगा."

"काय व्हई? म्हातारी खोकलस, मी पोया टाकस, पोरी झोका खेयतीस."

"कोठला झोका?"

अंगणातल्या निंबाला आखाजीचा झोका बांधला होता. गल्लीतल्या माहेरवाशिणी पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तिथे गाणी म्हणत झोके घ्यायच्या. ऑफिसचा माणूस आला की पदर सावरून भिंतीआड जायच्या. आताही तिथेच उभ्या होत्या, एकमेकींना चिमटे काढत. फोनची तार खांबावरून घरात येताना त्याच निंबातून येत होती.

झुलाल उठला. "पोरीस्ले सांगा, खेया."

एकही पुढे येईना. कुंदाबाईची लता म्हणाली, "मावशी, परक्या माणसापुढे? तूच बैस!"

आणि काय सांगू, मीच बसले. पन्नाशी गाठलेली बाई, भर सकाळी झोक्यावर! झुलाल भिंतीकडे तोंड करून डबीला चिमटे लावून उभा.

"आखो जोरमा, आक्का!"

पोरींनी मागून ढकललं. झोका वर गेला की खर्र, खाली आला की टूं. मला काही ऐकू येत नव्हतं, तोच तिथून ओरडत होता, "ग्या! उना! ग्या! उना!"

तो निंबावर चढला. पानांआड तारेचा जुना जोड होता. आणि तो जोड, झोका बांधताना तार आड येत होती म्हणून, मीच पोरींकडून झोक्याच्याच फांदीला आवळून बांधून घेतला होता. लुगड्याच्या लाल काठानं. झुलालनं तो काठ सोडला, वरूनच मला दाखवला आणि खिशात घातला. नंतर पुनानं झुलालच्या वहीत पाहिलं, लिहिलं होतं, "झाडाची फांदी."

त्यानं जोड कापला, टोकं दातांनी सोलली आणि दोन्ही बोटांत धरली. तेवढ्यात वरून केवढ्यानं ओरडला. मला वाटलं, पडला!

"आक्का! फोन उना! मन्हा हातमा वाजी राहिना!"

फोन येताना तारेत झटका असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानं दात आवळले, टोकाला टोक पिळलं, आणि घरात घंटी वाजली. मी पायरीला ठेचकाळतच आत गेले.

"आई, रतिलाल बोलतोय. काल संध्याकाळी लावला, आता पहाटेपासून लावतोय! ऑपरेशन झालं. मुलगी आहे. बेबाला आत्ताच शुद्ध आली."

"रक्त?"

"एकाच बाटलीवर भागलं, इथल्या मित्रानं दिलं. पुनाभाऊ निघालेत का?"

मग मी किती बोलले, काय बोलले, आठवत नाही. बाळाचा रंग विचारला, जावळ विचारलं, बेबाला चहा दिला का विचारलं. सासूबाईंच्या कानालाही रिसीव्हर लावला. चांगली दहा मिनिटं झाली असतील.

बाहेर आले तर झुलाल अजून निंबावरच. पीळ ढिला होता, सुटला असता, म्हणून माझं बोलणं संपेपर्यंत तो दोन्ही टोकं चिमटीत दाबून बसून राहिला होता. खालून पोरी त्याला डोळे मोठे करून बघत होत्या, भिंतीआड जायचं विसरून.

"ठेवा का?" फोन ठेवला का, असं त्यानं वरूनच विचारलं.

"ठेवा."

त्यानं जोड पक्का केला, पट्टी गुंडाळली, खाली उतरला. बोटांच्या टोकांना खळगे पडले होते. मी आखाजीची गोड सांजोरी पुढे केली, ती त्यानं तळहातावर घेतली.

"काय व्हयनं?"

"आंडेर," मी म्हणाले. आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात.

झुलालनं सांजोरी खाल्ली, शिडी सायकलीला बांधली आणि आमच्या निंबाकडे एकदा वर बघून म्हणाला, "मंग पुढला सालले झोका चिंचले बांधज्यात."