अक्षता कोण खातं?

एक मुलगी होती, पेनाचं टोपण दातात धरायची आणि तसंच बोलायची, "जशंच्या तशं लिहिते, बोला." टोपणामुळे 'स'चा 'श' व्हायचा. आम्ही हसायचो. तिला त्याचं काही नाही.

मी पोलादपूरला भातगिरणीवर होतो तेव्हाची गोष्ट. मोबाईल अजून आमच्याकडे पोचला नव्हता. ही मुलगी कुठल्याशा कॉलेजातून सर्व्हेला आली. भात भरडायला माणूस गिरणीवर येणारच, म्हणून कोंड्याच्या पोत्यावर ठाण मांडून बसायची. हातात पिवळ्या तांदळाचा फोटो. सांगायची, "दुशऱ्या जिवातला गुण शास्त्रज्ञांनी ह्या तांदळात घातलाय. डोळ्यांना चांगला. अजून बाजारात नाही. आला तर खाल का?"

बायका फोटो बघून तोंडाला पदर लावायच्या. "अगो, ह्या तर अक्षता! डोक्यावर टाकायच्या. अक्षता कोण खातं?"

ती तेही लिहायची. उमरठकडचा एक म्हातारा सरकारवर घसरला, तर त्याला थांबवून विचारते, "बाबा, 'मेल्यांनो'च्या पुढे काय म्हणालात?" म्हातारा स्वतःच लाजला.

एक दिवस महाडहून आली ती हसतच. मोहल्ल्यातली एक चाची तिला म्हणाली होती, "आमच्या लग्नातला गोड भात, जर्दा, पिवळाच असतो गो. तांदूळ तुझा आण, साखर आमची." म्हणजे एकाच्या लग्नात डोक्यावर, दुसऱ्याच्या लग्नात ताटात! जन्म ह्याच मुलखात काढला, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

लोक तिला उलटं विचारायचे, "तू खातेस काय?"

"मीच अजून पाहिला नाही. खोटं कशं शांगू?"

तुम्हीही सर्व्हेवाले पाहिले असतील. 'मला माहीत नाही' म्हणणारा पाहिलात कधी? मी ही एकच पाहिली.

मी तिला सुनावलं, "गिऱ्हाइकाला तांदूळ पांढरा लागतो, म्हणून मी जन्मभर त्यातला कस काढून कोंड्यात टाकला. म्हशी माजल्या, माणसं फिकी पडली. आधी आम्ही काढायचा, मग तुमच्या शास्त्रज्ञाने घालायचा? अक्कल हाय काय?"

"हळू बोला, काका. लिहायचं राहील." माझं बोलणं राहू नये असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

एकदा तिला घरी जेवायला नेली. मी म्हटलं, "आमचं दोघांचं एकच लिही. नाय खाणार."

"काकूंचा कागद वेगळा आहे," म्हणाली, आणि मला माझ्याच घरातून अंगणात काढलं. आत बायकोचा आवाज बराच वेळ चालला होता. माझ्याशी ती दोन शब्दांवर तिसरा बोलायची नाही. नंतर विचारलं, "एवढं काय सांगत होतीस?"

"तांदळाचं."

पुढच्या पावसाळ्यात बायको तापाने गेली.

दिवाळीनंतर मुलगी परत आली, लोकांचं मत बदललं का ते विचारायला. "काकू कुठायत?" मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. तिने दातातलं टोपण काढलं आणि खालीच बसली.

मी म्हटलं, "तिचा कागद वाचून दाखव."

"दुसऱ्याचं वाचून दाखवायचं नसतं, काका."

"दुसरा कोण? नवरा हाय मी!"

तिने पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला, "तहान लागलीय," म्हणाली, आणि विहिरीकडे गेली.

मी चौथी शिकलेला. अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

'ह्यांना सांगू नको गो. पयल्या खेपेला दिवस होते तवा दिवेलागणीला मला दिसायचंच नाय. भिंत धरून चालायची. हे म्हनायचे, धांदरट हाय. उंबऱ्याला अडखळून पडली नि पोटातलं गेलं. तांदूळ पिवळा असूं दे नायतर हिरवा. पोरींना दिसनार असंल तर मी खाईन. पन आधी माज्यावर करून बगा. पोटुशीवर नको.'

धांदरट. माझाच शब्द.

गिरणीवर माझ्या हातून एक दाणा सालासकट सुटला नाही. ह्या पोरीने माझ्या बायकोचं बोलणं सालासकट ठेवलं होतं, त्यातल्या 'गो'सकट. घरात तीच बोलल्यासारखं वाटलं. कागद पाटावर ठेवला.

मुलगी तोंड पुसत आली. कागद पिशवीत घातला. मग विचारलं, "तुमचं मत बदललं का, काका?"

"लिही."

तिने टोपण दातात धरलं. "जशंच्या तशं लिहिते."

"लिही, मी बायकोला कधी विचारलंच नाय."

तिने लिहिलं. हे कुठल्या रकान्यात बसतं, ते विचारलं नाही.

ती पुन्हा आली नाही. तो तांदूळही आला नाही. मी मात्र आता दिवेलागण व्हायच्या आधीच उंबऱ्यावरचा बल्ब लावतो.