सूनबाईच्या कॉम्प्युटरचा पंखा

मशीनचा आवाज बदलला की मला घास गोड लागत नाही. सगळी नोकरी पेपर मिलमध्ये फिटर म्हणून गेली, त्यामुळे कान तसेच घडलेत. निवृत्त झाल्यावर घरात ऐकण्यासारखं उरलं काय, तर मिक्सर, पाण्याची मोटर आणि कूलर. त्या तिघांना मी इतक्या वेळा खोललं की बायको म्हणाली, "आता त्यांनाही पेन्शनीत काढा."

तर मे महिन्यातला शनिवार होता. मी जेवत होतो आणि सुनेच्या खोलीतून घर्र-घर्र असा आवाज आला. मी वाटी खाली ठेवली.

सून आमची निंबोल्याची, केळीच्या बागांतून वाढलेली. शिकली इंदूरला, आणि आता कॉम्प्युटरवर घरं बांधते. म्हणजे बिल्डरने पहिली वीट लावायच्या आधीच त्याचा फ्लॅट आतून कसा दिसेल, सकाळचं ऊन कुठे पडेल, याची ती फिल्म करते. त्याला रेंडर करणं म्हणतात. एकेक चित्र तयार व्हायला मिनिट-मिनिट लागतं, आणि तेवढा वेळ आतलं ग्राफिक्स कार्ड भट्टीसारखं तापत राहतं.

त्या दिवसांत तिचं दोन ठिकाणी बोलणं चाललं होतं. पुण्याची एक कंपनी नोकरी द्यायला तयार होती, पण तिथे जाऊन राहायचं. इंदूरचा एक स्टुडिओ म्हणत होता, सोमवारी सकाळी दोन मिनिटांची नमुना फिल्म पाठवा. पसंत पडली तर घरी बसून काम करा. ती पुण्याला गेली तर मुलगाही मिल सोडून मागोमाग जाणार, हे ठरलेलं होतं. "जिथे भलं होईल तिथे जा," असं मी मोठ्या मनाने सांगून बसलो होतो. खरं सांगतो, ती जायला मला अजिबात नको होती. मुलगा अर्धा दिवस मिलमध्ये असतो आणि उरलेला अर्धा गप्प असतो. माझ्याशी वाद घालणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

मी तिच्या दारात उभा राहिलो. "बेअरिंग गेलंय."

"बाबा, काही नाही झालं. कार्डाचा फॅन थोडा आवाज करून राहिला. होईल ठीक."

"आपोआप ठीक व्हायला ती सर्दी आहे का?"

"हात नका लावू हो. बारीक काम आहे ते, मिल नाही तुमची."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला, टोक कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवलं, मूठ कानाला लावली. आम्ही मिलमध्ये असंच ऐकायचो. तेवढ्यात आवाज थांबला.

"बघा, गेला आवाज!" ती खूश झाली.

"आवाज नाही गेला. पंखा बसला."

पाच मिनिटांत स्क्रीन काळी झाली. फिल्म अर्धी झाली होती. तिने मोबाइलवर शोधलं, तर तसा पंखा यायला गुरुवार उजाडणार होता. एवढी बोलकी मुलगी, मोबाइल पालथा ठेवून काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. ते मला पाहवलं नाही.

मुलगा ड्युटीवर होता, म्हणून तिच्या स्कूटीवर मागे बसून मीच इतवाऱ्याच्या बाजारात गेलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं. "अंकल, ये फैन अलग से नहीं आता. नया कार्ड डलवा लो. इंदौर से मंगवाना पड़ेगा, मंगल तक आएगा."

त्याच्या मागे खिळ्याला दोन चौकोनी पंखे लटकत होते, पंज्यापेक्षा थोडे मोठे. मी विचारलं, "वो क्या है?"

"वो डिब्बे के पंखे हैं अंकल, कार्ड के नहीं."

"हवा को क्या मालूम?"

तो हसला आणि त्याने पंखे काढून दिले. सोबत बांधायला प्लास्टिकच्या दातेरी पट्ट्याही दिल्या.

घरी आल्यावर सुनेने स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. "तुम्हीच खोला बाबा. माझ्याने नाही होणार." हे वाक्य ऐकायला मी दोन वर्षं थांबलो होतो. पण लगेच तिने हुकूमही सोडला, की आधी लोखंडी कपाटाला हात लावा, अंगातली वीज कार्डाला लागायला नको. मी हसलो, आणि गुपचूप कपाटाला हात लावून आलो.

पुठ्ठ्यावर मी कार्डाचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचत गेलो. वरचं प्लास्टिकचं झाकण निघालं तसे खालचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे दिसले, एकाला एक लागून. त्यांत धुळीचा कापूस बसलेला. जुना पंखा बोट लावताच दुधाच्या दातासारखा हलायला लागला. माझ्या दाढीच्या जुन्या ब्रशने सुनेने पत्रे साफ केले आणि मी नवे पंखे त्यांच्यावर ठेवले.

"बाबा, हवा कोणत्या बाजूने पाहिजे?" तिने विचारलं.

"बाहेर," मी म्हणालो. "कागद वाळवायच्या मशीनवर आमचे हे एवढाले पंखे होते. सगळी गरम वाफ वर ओढून बाहेर. गर्मी ओढायचीच असते."

ती एरवी माझ्या प्रत्येक वाक्यावर वाद घालते. त्या दिवशी मान हलवली आणि पट्ट्या आवळायला लागली.

कॉम्प्युटर चालू झाला. आता स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान दिसत होतं. मी पंख्यावर हात धरून पाहिला, चांगली गरम हवा वर येत होती. माझी छाती फुगली. मग तिने रेंडर सुरू केलं. सत्तर. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वदच्या पुढे जाऊन स्क्रीन पुन्हा काळी.

"असू द्या बाबा," ती म्हणाली. "तुम्ही केलं तेवढं कोणी नसतं केलं. पुण्याला हो म्हणून टाकते मी."

मी पंख्यांना शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, इंदूरला घातल्या, काही संबंध नसताना कूलरलाही घातल्या. बायको चहा घेऊन आली. मी तिच्यावरही खेकसलो, चहा बशीत ओतला आणि फुंकर मारायला लागलो.

बायको बघत उभी राहिली. "एक विचारू? फुंकर कायले मारता? ओढून घ्या ना त्याची गर्मी, मिलसारखी."

मी बशी तोंडाशी धरून तसाच बसलो. मिलमधलं मशीन चारी बाजूंनी बंद असायचं, पंख्याने ओढलेली हवा कागदावरून फिरूनच वर यायची. इथे पत्रे उघडे. माझे पंखे बाजूच्या फटींतली हवा ओढून वर सोडत होते आणि आतपर्यंत वारा पोचतच नव्हता. म्हणजे जन्मभराचा अनुभव मी उलटा बांधला होता.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. घरात हे वाक्य याआधी कोणी माझ्या तोंडून ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे दोघी जरा दचकल्या.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," बायको म्हणाली.

"आई, तुम्ही मिलमध्ये का नाही लागल्या?" सुनेने विचारलं.

"कोणी बोलावलंच नाही."

पट्ट्या कापल्या, दोन्ही पंखे पत्र्यांवर फुंकर मारतील असे पालथे केले, पुन्हा आवळले. पुन्हा रेंडर सुरू. साठ. अडुसष्ट. एकाहत्तर. आम्ही तिघं दूध उतू जाण्याची वाट बघावी तसे स्क्रीनसमोर उभे. एकाहत्तर. मी माझा चहा संपवला, तरी एकाहत्तर. सून टाळ्या पिटायला लागली आणि बायकोने, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, माझी पाठ थोपटली.

रविवारी दिवसभर कॉम्प्युटर टेबल फॅनसारखा भणभणत राहिला. मला तो आवाज फार आवडला. संध्याकाळी तिने फिल्म दाखवली. रिकाम्या घरात ऊन सरकत जातं, पडदा हलतो. सुंदर होतं. मी म्हणालो, "दाराला बिजागरी नाही." तिने कपाळावर हात मारला, आणि बिजागरी बसवली.

मिलमध्ये दुरुस्ती झाली की मशीनला पुठ्ठ्याचं टॅग बांधायची रीत होती. केलेलं काम, फिटरची सही, आणि शेवटी पुढची तपासणी कधी. सवयीने मी तसं टॅग लिहून डब्याला बांधलं. शेवटची ओळ मात्र कोरी ठेवली. सहा महिन्यांनी हा डबा कोणत्या गावात असेल, मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी सकाळी फिल्म इंदूरला गेली, आणि बुधवारी दुपारी तिचा फोन वाजला. मी अंगणात पाण्याच्या मोटरला तेल घालायला लागलो. मोटरला तेल नको होतं, मला तिथे थांबायचं होतं. ती बराच वेळ "जी सर, जी सर" म्हणत होती. मग फोन ठेवला आणि थेट खोलीत गेली. माझा धीर सुटला. मी तेलकट हातांनी आत गेलो, तर ती डब्यापाशी वाकून पेनाने टॅगवर लिहीत होती. मी चष्मा सारखा केला. कोऱ्या ओळीवर लिहिलं होतं, 'दिवाळीच्या आधी, इथेच. फिटर तेच.'

"इंदूरवाले हो म्हणाले, बाबा."

मी तिच्यावर ओरडलो, की टॅगवर पेनाने लिहायचं नसतं, पुसलं जातं, मार्कर लागतो, एवढंही कळत नाही का. ओरडता ओरडताच मला रडू फुटलं, आणि ती हसत हसत मार्कर आणायला पळाली.