सात नंबरची गाडी

आमची कचेरी गाड्यांच्या नोंदणीची. तिथे एकाच टेबलावर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या बाईंना सगळे पाठीमागे नंबरबाई म्हणत. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं होतो. टोपणनावाला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती घाणीला. टेबलावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला दिसला, तरी ताटात पाल पडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. थुंकी लावून पान उलटणाऱ्या एका कारकुनाला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "जेवताय तेही याच हातानं ना?" त्यानंतर तो महिनाभर डबा घेऊन बाहेर बाकड्यावर बसायचा.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी कचेरीतली जुनी कागदपत्रं रद्दीत काढली. त्यात शहराचं सगळ्यात पहिलं नोंदणीपुस्तक होतं, वाळवीनं कडा खाल्लेलं. बाईंनी साहेबांकडून लेखी परवानगी काढली, पुस्तक घरी नेलं आणि आठवडाभर एकेक पान ब्रशनं झाडलं. पुढे एकदा भंगारवाल्याकडे त्यांना एक जुना फोटो मिळाला. बर्फाच्या कारखान्यापुढे उभा असलेला मालट्रक. भिंग लावल्यावर नंबर वाचता आला, पुस्तकात मालक सापडला, पत्ता सापडला. दुसऱ्या दिवशी फोटो पिशवीत घालून बाई त्या पत्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कारखाना नव्हता, पण दाराची दगडी कमान तशीच होती.

तिथून त्यांना नाद लागला. बंद पडलेले स्टुडिओ, जुन्या ड्रायव्हरांच्या घरातले अल्बम, गॅरेजांच्या भिंती, काही म्हणून सोडलं नाही. सहा वर्षांत दोनशेवर फोटो जमले. तेलाच्या गिरण्या, आगपेट्यांचा कारखाना, कापसाची गोदामं, आणि प्रत्येकापुढे एखादा लांब नाकाचा मालट्रक. त्यांची विधवा धाकटी बहीण त्यांच्याबरोबरच राहायची. ती म्हणायची, "ताईला सख्खी माणसं ओळखू येत नाहीत, मडगार्डं मात्र लांबून ओळखते."

एक दिवस बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. टेबलावर एकच फोटो होता. साध्या लाकडी हौद्याची गाडी, मागचा फाळका खाली सोडलेला. मागे विटांची लांब इमारत, करवतीच्या दातांसारखं छप्पर, नऊ कमानदार खिडक्या आणि त्यांतली तिसरी विटांनी बुजवलेली. गाडीपुढे सात हमाल उभे. सातही जणांच्या नाकातोंडावर फडकं बांधलेलं.

"नंबर बघ," बाई म्हणाल्या.

सात. पुस्तकात एक ते सहा नंबर मोठ्या लोकांच्या मोटारींचे होते. म्हणजे शहरातला पहिला ट्रक हाच. पुढे शाईत लिहिलं होतं: मालवाहू, मालक हाडांची गिरणी व सरस कारखाना. सरस म्हणजे हाडं-कातडी उकळून काढलेला गोंद.

मी पुन्हा भिंग धरलं. हौद्यात मला आधी लाकडं वाटली होती. ती लाकडं नव्हती. फासळ्या होत्या, शिंगं होती, आणि काहींवर अजून काहीबाही चिकटलेलं होतं. बाई उठल्या आणि साबणानं हात धुऊन आल्या. फोटोला वास नसतो हे त्यांनाही कळत होतं.

खिडक्यांवरून इमारत शोधायला दोन महिने गेले. कालव्यापलीकडे ती सापडली, झकपक खानावळ होऊन. बाईंनी मलाही बरोबर नेलं. बाहेरच्या विटांवर चकचकीत लेप दिलेला, तिसरी खिडकी अजून बुजवलेलीच. आत जमिनीला जाड काच लावून खाली दिवे सोडले होते. काचेखाली चार खोल हौद दिसत होते. लोक त्यावर उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते.

"हे हौद कसले?" बाईंनी वाढप्याला विचारलं.

"पाणी साठवायचे, बाई. मालक म्हणतात पूर्वी इथे धान्याचं गोदाम होतं."

"यात चुन्याच्या पाण्यात हाडं भिजत घालायचे. कातडीचे तुकडेसुद्धा. महिना महिना."

वाढप्यानं हातातल्या सूपकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ते त्यानं ठेवलं खरं, पण आम्ही दोघांनी चमचासुद्धा उचलला नाही.

बाहेर आल्यावर शेजारच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं फोटो पाहिला आणि मागच्या गल्लीकडे बोट केलं. हाडगाडीवरच्या हमालाची मुलगी अजून तिथे राहत होती. एका खोलीत शिवणयंत्र, पलंग आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी. तिनं फोटो खिडकीपाशी नेला. नाकावर फडकी असल्यामुळे चेहरे कळणं कठीण होतं. तरी तिनं डावीकडून तिसऱ्या माणसावर बोट ठेवलं.

"हे आमचे बाबा. उजवं कोपर बघा. फाळका पडून मोडलं होतं, वाकडंच जुळलं."

मग ती बोलत राहिली. बाबा कामावरून आल्यावर तीनदा अंघोळ करायचे, तरी वास जायचा नाही. न्हावी सगळ्यात शेवटी त्यांचे केस कापायचा आणि नंतर कात्री उकळायचा. शाळेत हिच्या बाकावर कोणी बसत नसे. "मीसुद्धा त्यांच्या मांडीवर बसायची नाही," ती म्हणाली. "त्यांनी कधी बोलावलंही नाही. त्यांचा दुसरा फोटो नाही माझ्याकडे."

तिनं आम्हाला पाणी दिलं. बाईंनी पेला घेतला आणि सवयीनं उजेडाकडे धरला. क्षणभरच. म्हातारी शांतपणे म्हणाली, "धुतलेला आहे."

बाईंनी पेला तळापर्यंत रिकामा केला. गल्लीच्या टोकाशी त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांची किळस केली. आज माझीच आली."

त्यानंतर बाई म्हातारीकडे चारपाचदा गेल्या. सातांपैकी चौघांची नावं मिळाली, ती फोटोमागे लिहिली. याच सुमारास शहराच्या जुन्या उद्योगांवर चित्रांचं पुस्तक काढायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष त्या खानावळीचे मालक, चिटणीस एक निवृत्त प्राध्यापक. चिटणीस घरी आले, बाईंना "आपण म्हणजे चालताबोलता खजिना" म्हणाले आणि चाळीस फोटो घेऊन गेले. प्रत्येकाखाली काय छापायचं ते बाईंनी स्वतः लिहून दिलं होतं. सात नंबरच्या गाडीबद्दल तर पानभर. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, साखर पेरणाऱ्या माणसाला मूळ फोटो देऊ नकोस." बाईंनी ऐकलं नाही. नक्कल अंधूक येते, त्यांचं म्हणणं.

प्रकाशन खानावळीतच झालं, काचेच्या त्या जमिनीवर. बाईंना पुढची खुर्ची दिली. मी मागे होतो. पुस्तक हातात आल्यावर त्यांनी पहिलंच पान उघडलं आणि मान वर केली नाही. मी माझी प्रत उघडली. गाडी तीच, खिडक्या त्याच. पण सात हमाल नव्हते. त्यांच्या जागी स्वच्छ फरसबंदी आली होती. हौद्यात दुधाच्या कॅनांची रांग, एकाच कॅनच्या नऊ नकला. खाली ओळ: "शहरातला पहिला मालट्रक, ताजं दूध घेऊन निघताना." आणि शेवटी आभारात बाईंचं नाव, सगळ्यात ठळक.

भाषणं चालू असतानाच बाई उठल्या आणि चिटणिसांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"माणसं कुठे गेली?"

"बाई, कार्यक्रम संपला की बोलू."

"मी दिलेल्या फोटोत सात माणसं होती."

चिटणीस हसले. "अहो, तोंडाला फडकी बांधलेली माणसं पहिल्याच पानावर कशी दिसतील? संगणकावर थोडं साफसूफ केलं. आणि हाडं वगैरे लोकांना आवडत नाही. अध्यक्षांचंही तसंच म्हणणं पडलं. सौंदर्यदृष्टी म्हणून काही असतं ना."

"साफसूफ," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी ओळखत होतो. चहाच्या गोलावरचाच तो, पण दसपट. "हाडांच्या गाडीवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला इतकी घाण लागली नसेल, जितकी तुमच्या या साफसुफीत आहे. माझं नाव काढा. फोटो परत द्या, आत्ता."

समोरच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "आपल्या ज्येष्ठ भगिनी जरा भावुक झाल्या आहेत." काहींनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी पुष्पगुच्छ काचेवर ठेवला आणि त्या बाहेर आल्या. कालव्याच्या कठड्याला धरून त्यांना उलटी झाली. त्यांना मी तोवर कधी शिंकतानाही पाहिलं नव्हतं.

फोटो परत मिळायला तीन आठवडे लागले. सात नंबरच्या मूळ प्रतीवर लाल पेनानं माणसांभोवती वर्तुळ काढलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "काढणे." बाईंनी ते पुसायचा प्रयत्न केला नाही. एका ओळखीच्या फोटोवाल्याकडून तिसऱ्या माणसाची मोठी प्रत करून घेतली आणि म्हातारीला नेऊन दिली. म्हातारीनं ते पुस्तक आधीच कुणाकडे तरी पाहिलं होतं. "बाबा दिसले नाहीत त्यात," एवढंच म्हणाली. तक्रार म्हणून नाही. असंच होतं, अशा सुरात.

दुसऱ्या आवृत्तीतून बाईंचं नाव गेलं. दुधाचे कॅन राहिले. शाळांना पुस्तकं वाटली गेली, आणि एका वर्तमानपत्रानं पहिल्या दुधाच्या ट्रकवर कौतुकाचा लेखही छापला. बाईंनी संपादकांना जुन्या नोंदणीपुस्तकातल्या नोंदीची नक्कल पाठवली. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवली. आता त्या सगळे फोटो, मागे नावं आणि पत्ते लिहून, सार्वजनिक वाचनालयाला द्यायच्या तयारीत आहेत. ग्रंथपालांकडून त्यांनी लिहून घेतलंय की कोणत्याही प्रतीवर काहीही काढायचं नाही, घालायचं नाही. लाल वर्तुळाचा फोटोही त्यांत आहे. चिटणीस परवा रस्त्यात भेटले, नमस्कार केला. बाईंनी रुमाल नाकाला लावला आणि रस्ता ओलांडला.