नऊ गाठींची दोरी

गल्लीत सगळे त्याला कप्तान म्हणत. होता साधा खलाशी. पण युद्धात जहाज बुडताना इंजिनघरातून दोघांना ओढून वर काढलं म्हणून पदक मिळालं होतं, आणि नंतरची तीन वर्षं शत्रूच्या कैदेत काढून तो जिवंत परतला होता. पदक बटणांच्या डब्यात पडलेलं असे. कैदेबद्दल कुणी विचारलं की "जेवण वाईट होतं," एवढंच म्हणे.

बायकोला खटकायचं ते वेगळंच. भाजीत मीठ जरा जास्त पडलं की तो हसून म्हणे, आज खारटकाकांनी केलेली दिसते. टोमणाच समजून तिने कधी विचारलं नाही, कोण हे काका.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली असतील. कपडे वाळत घालायची दोरी तुटली. दाराआडच्या खुंटीला एक जुनी दोरी लटकत असे, गाठीच गाठी पडलेली. दुपारभर बसून तिने सुयाने नऊच्या नऊ गाठी सोडवल्या आणि अंगणात दोरी ताणून चादरी टाकल्या. आता शाबासकी मिळणार, अशी तिची खात्री.

तो गोदीतून आला आणि दारातच थबकला. रागावला नाही. चादरी उतरवून, घड्या घालून त्याने तिच्या हाती दिल्या आणि दोरी घेऊन पायरीवर बसला.

"तिथे कागद नव्हता," तो म्हणाला. "एकेक जण गेला की मी गाठ मारायचो."

तो पुन्हा गाठी मारू लागला, प्रत्येक गाठीला एक माणूस सांगत. बायकोची पत्रं तोंडपाठ असलेला तारवाला. सतत शीळ घालणारा सुतार. घोरण्यात चढाओढ लावणारे दोघे जुळे. आठ झाल्या. नववा काही केल्या आठवेना. ओठ नुसते हलत राहिले.

"एक माणूस हरवला गं माझ्याकडून."

तिने चाचरत विचारलं, "अहो, खारटकाका कोण होते?"

तो बघतच राहिला. मग हसला आणि बाहीने डोळे पुसले. जहाजावरचे आचारी. कैदेत मिठाचा खडा दिसत नसे, तेव्हा रोज शपथ घ्यायचे, सुटलो की हात आखडता घेईन म्हणून.

"ही तू मार," म्हणत त्याने दोरी तिच्यापुढे धरली.

तो गेला त्याला आता बारा वर्षं झाली. पदक नातवाने नेलं. दोरी त्याच खुंटीला आहे. आठ गाठी खलाशाच्या. नववी, वेणीच्या रिबिनीला मारतात तसली.