गुपितांमधला फरक शिकवणाऱ्या कुमुदताई

श्रीमती कुमुदताई बेंडाळे यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच घराच्या दारात झाली. धाकट्याच्या जन्माला काही महिने झाले होते आणि तेव्हापासून मी जवळजवळ अंथरुणालाच खिळले होते. भूक नव्हती, झोप नव्हती, बाळ रडले तरी उठावेसे वाटत नव्हते. त्या शनिवारी दुपारी बेल वाजली तेव्हा माझे पती मकरंद कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले होते, म्हणून नाइलाजाने मी दार उघडले. जाड स्वेटर घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई समोर उभ्या होत्या. त्यांचा हात धरून, मान खाली घालून, माझी दहा वर्षांची ईशानी उभी होती.

“मी कुमुद. तुमच्या ईशानीला जादू शिकवते,” त्या म्हणाल्या. “आत येऊ का?”

ऑकलंडच्या मराठी मंडळींना ताईंचा हा वर्ग चांगला परिचित आहे. मुलाकडे हिल्सबरोला राहायला आल्यानंतर थोड्याच काळात त्यांनी न्यू लिनच्या एका हॉलमध्ये तो सुरू केला. मुठीतून रुमाल नाहीसा करणे, कापलेली दोरी पुन्हा अखंड करणे, कानामागून नाणे काढणे अशा सोप्या हातचलाखीपासून तिथे सुरुवात होते. इथे जन्मलेल्या मुलांना मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीतून येते. ताई त्यावर कधी रागावल्या नाहीत. प्रयोग करताना बोलायचे मात्र मराठीतच, एवढाच त्यांचा आग्रह. “किया ओरा, नमस्कार मंडळी!” असे माओरी आणि मराठीत अभिवादन करत आत्मविश्वासाने पुढे येणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत.

पण रुमाल हाती देण्याआधी, पहिल्याच दिवशी, ताई मुलांना एक गोष्ट सांगतात. “गुपितं दोन प्रकारची. रुमाल कुठे गेला, हे गुपित जपायचं. पण ज्या गुपितानं पोटात दुखतं, ते जपायचं नाही. ते मोठ्या माणसाला सांगायचं.”

त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर बाकीची मुले गेली आणि ईशानी मागे राहिली. ताईंजवळ जाऊन ती म्हणाली, “आजी, माय सिक्रेट इज द टमी वन.” आणि आई उठत नाही, जेवत नाही, नुसती रडते, हे तिने सांगून टाकले. हे बाहेर बोलायचे नाही, असे आम्हीच तिला बजावले होते. पुण्याला आईबाबांनाही आम्ही दर फोनवर सगळे ठीक असल्याचे सांगत होतो.

ताईंनी मला काहीही विचारले नाही. बाळाला मांडीवर घेऊन त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या. मकरंद परतले, सारा प्रकार त्यांच्या लक्षात आला आणि ते ओशाळले.

“ताई, होईल हळूहळू बरं. उगाच चार लोकांत कळायला नको.”

ताईंनी आपला डावा हात त्यांच्यापुढे धरला. करंगळी वाकडी होती.

“माझे वडील गावोगाव जादूचे प्रयोग करायचे. पेटीत बसणारी मुलगी मी. पेटीतून आवाज आला की खेळ संपला, असं त्यांनी शिकवलं होतं. एकदा बिजागरीत बोट अडकलं. पडदा पडेपर्यंत मी हूं की चूं केलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते. बाबांनी बोट पाहिलं आणि ती पेटी पुन्हा कधी वापरली नाही. पण बोट काही सरळ झालं नाही.” हात मागे घेत त्या म्हणाल्या, “मकरंदराव, हिला गप्प बसवू नका. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर.”

मकरंद खुर्चीत बसले आणि आमच्या लग्नानंतर प्रथमच मी त्यांना रडताना पाहिले. तेही तितकेच घाबरलेले होते, हे मला तेव्हा कळले.

सोमवारी ताई आल्या. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे निदान झाले, उपचार सुरू झाले. बरे व्हायला वेळ लागला. मध्येच पुन्हा खचलेही. ताई येत राहिल्या. कधी मुगाची खिचडी आणली, कधी नुसत्याच बसून गेल्या. एके दिवशी त्यांनी विचारले, “तुम्हाला शिवता येतं का हो? मुलांच्या रुमालांच्या कडा फार उसवल्यात.” कित्येक महिन्यांनी मी मनापासून केलेले ते पहिले काम. पुढे मी त्यांच्या वर्गातच मदतीला जाऊ लागले, ती आजतागायत.

त्यांच्या निग्रहाचा एक प्रसंग सांगायलाच हवा. गणेशोत्सवात भारतातून एक जादूगार आले होते. पेटीच्या खेळासाठी त्यांनी ईशानीला निवडले. ती तेव्हा हायस्कूलमध्ये होती आणि अगदी हरखून गेली होती. ताई रंगमंचावर गेल्या आणि पायातल्या जांडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून म्हणाल्या, “आधी मी बसून बघते.”

जादूगारांना ते आवडले नाही. “ताई, माझ्यावर विश्वास नाही का?”

“तुमच्यावर आहे. कडीवर नाही.”

सत्तरी ओलांडलेल्या ताई पेटीत बसल्या, झाकण लावायला लावले आणि आतून कडी उघडते की नाही हे स्वतः पाहिले. बाहेर आल्यावर त्यांनी दुसरी अट घातली. पेटीतल्या मुलीचे नाव जादूगाराच्या नावाबरोबर पुकारले गेले पाहिजे, कारण खेळातले निम्मे काम ती करते. आयोजक कुरकुरले, पण नाव पुकारले गेले. ईशानीसाठी टाळ्या पडल्या तेव्हा ताई विंगेत भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

आता गुडघ्यांमुळे ताई शिकवायला उभ्या राहत नाहीत. मोठी मुले धाकट्यांना शिकवतात आणि ताई पहिल्या रांगेत बसतात. गेल्या महिन्यात सहा वर्षांची एक नवी मुलगी त्यांच्यासमोर नाणे नाहीसे करत होती. नाणे कोणत्या हातात आहे हे त्या क्षणी सगळ्यांना दिसत होते. ताईंची नजर मात्र दुसऱ्याच हातावर, जिथे त्या मुलीला हवी होती तिथेच, खिळलेली होती. मूठ उघडल्यावर त्यांनी असा काही आ वासला की ती मुलगी आनंदाने उड्या मारू लागली.

कुमुदताईंनी वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली, त्यानिमित्त त्यांना माझा आणि आम्हा सर्वांचा मनःपूर्वक नमस्कार. त्यांचे गुडघे कमी दुखोत, प्रकृती ठणठणीत राहो, आणि अजून पुष्कळ वर्षे लहान लहान हातांपुढे बसून चकित होण्याचे भाग्य त्यांना लाभो.